1:24 च्या ॲम्बॅसेडरमध्ये दिवे बसवताना

आपण परभणीहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वडील अनेक वर्षे सरकारी पांढरी ॲम्बॅसेडर चालवत होते, त्या गाडीची 1:24 प्रमाणातील धातूची प्रतिकृती आपल्याकडे आहे आणि तिचे हेडलाइट, मागचे लाल दिवे, चारही इंडिकेटर आणि टपावरचा फिरता दिवा प्रत्यक्ष लागावा अशी आपली इच्छा आहे. आपण 2 पांढरे आणि 2 लाल एलईडी एकत्र जोडून त्यांना एक बटण सेल लावला, तेव्हा लाल लागले पण पांढरे अजिबात लागले नाहीत. मग 9 व्होल्टची बॅटरी लावली, तर चारही एलईडी क्षणात गेले. नवे एलईडी आणण्यापूर्वी नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. मी लातुरात इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम करत आलो आहे आणि छोट्या गाड्यांत दिवे बसवण्याचा नाद मला फार जुना आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या दोन्ही अनुभवांचे मूळ एकच आहे. एलईडी हा जुन्या टॉर्चच्या बल्बसारखा वागत नाही. बल्बमधली तार तापली की तिचा विरोध वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. एलईडी मात्र ठरावीक व्होल्टेजपर्यंत जवळपास काहीच प्रवाह घेत नाही आणि ती पातळी ओलांडली की प्रवाह भराभर वाढतो. शिवाय तो तापला की ही पातळी आणखी खाली येते, म्हणजे प्रवाह अजून वाढतो. लाल आणि अंबर एलईडीची ही पातळी साधारण 2 व्होल्ट असते, पांढऱ्याची साधारण 3 व्होल्ट. सीआर2032 जातीचा बटण सेल नावाला 3 व्होल्टचा असला, तरी त्याचा अंतर्गत विरोध बराच असतो. आपण चारही एलईडी समांतर जोडल्यामुळे लाल एलईडींनी सेलचे व्होल्टेज ओढून 2 च्या आसपास आणून ठेवले आणि 3 व्होल्ट मागणारे पांढरे अंधारात राहिले. ते खराब नव्हते. पुढे 9 व्होल्टची बॅटरी लावल्यावर जादा व्होल्टेज पेलायला वाटेत प्रवाह आवरणारा कोणताच रेझिस्टर नव्हता, म्हणून सगळे गेले.

तेव्हा पहिला नियम हा की प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टर असावा. चार एलईडींना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो, पण एकाच पाकिटातल्या दोन एलईडींची पातळीसुद्धा तंतोतंत सारखी नसते. ज्याची कमी तो अधिक प्रवाह घेतो आणि एक हेडलाइट उजळ, दुसरा मंद दिसतो. रेझिस्टरचे गणित सोपे आहे. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करावे आणि उरलेल्याला हव्या त्या प्रवाहाने भागावे. 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर पांढऱ्या एलईडीला 5 मिलीॲम्पिअर द्यायचे असतील, तर 2 व्होल्ट भागिले 0.005 म्हणजे 400 ओहम येतात. बाजारात 390 किंवा 470 मिळतो, त्यांपैकी 470 घ्यावा.

मी 5 मिलीॲम्पिअर म्हटले आणि आपण कदाचित पाकिटावर 20 वाचले असेल. या कामात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. 20 हा त्या एलईडीचा सततचा कमाल प्रवाह आहे, आवश्यक प्रवाह नव्हे. आजचे एलईडी इतके कार्यक्षम आहेत की 18 सेंटिमीटर लांबीच्या गाडीत 20 मिलीॲम्पिअरवर लावलेला दिवा डोळ्यांत खुपतो, बॉडीच्या प्रत्येक फटीतून उजेड बाहेर येतो आणि गाडी आतून पेटल्यासारखी दिसते. दिवा लागणे आणि तो गाडीचा दिवा वाटणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर बहुतांशी प्रवाह कमी करून आणि नको तिथला उजेड अडवूनच कापता येते.

खऱ्या गाडीतले दिवे एकमेकांच्या तुलनेत किती उजळ असतात, हे पाहिले की अंदाज येतो. हॅलोजनच्या हेडलाइटचा सर्वत्र चालणारा बल्ब 60/55 वॅटचा असतो, इंडिकेटरचा आणि ब्रेकचा 21 वॅटचा, तर मागचा नेहमीचा लाल दिवा अवघा 5 वॅटचा. म्हणजे मागचा लाल दिवा नुसता लुकलुकला पाहिजे आणि ब्रेक दाबल्यावर त्याच जागी उजेड एकदम वाढला पाहिजे. ही उतरंड प्रतिकृतीत उतरली नाही, तर बाकी सगळे अचूक असूनही डोळ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. मी लाल एलईडीला दोन वाटा देतो. मागच्या दिव्याच्या बटणापासून 3.3 किलोओहममधून एक, म्हणजे 1 मिलीॲम्पिअरहून थोडा कमी प्रवाह. आणि ब्रेकच्या बटणापासून 470 ओहममधून दुसरी, म्हणजे 6 मिलीॲम्पिअरच्या वर. एकच एलईडी दोन्ही कामे करतो, जसा खऱ्या गाडीत दोन तारांचा एकच बल्ब करतो. डोळा प्रवाहाच्या प्रमाणात उजेड मोजत नाही. प्रवाह निम्मा केला तरी दिवा निम्मा मंद वाटत नाही, त्यामुळे फरक दिसायचा असेल तर प्रवाह पाच-सहा पटींनी वेगळा ठेवावा लागतो.

माझे आकडे आपल्याला सुरुवातीला उपयोगी पडतील, पण अंतिम आकडा कागदावर ठरवू नये. 330 ओहमचा एक रेझिस्टर आणि त्याच्यामागे 10 किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून विरोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, अशी जोडणी करावी, एलईडी त्याच्या जागेवर तात्पुरता चिकटपट्टीने धरावा, ज्या खोलीत गाडी ठेवायची तिथला रात्रीचा दिवा लावावा आणि हातभर अंतरावरून पाहत प्रीसेट फिरवावा. दिवा योग्य वाटला की वीज बंद करून, एलईडी सोडवून मल्टिमीटरने दोन्ही रेझिस्टरांचा मिळून विरोध मोजावा आणि त्याच्या जवळच्या आकड्याचा साधा, न बदलणारा रेझिस्टर लावावा. 330 ओहमचा रेझिस्टर पुढे असल्यामुळे प्रीसेट शून्यावर गेला तरी एलईडी जळत नाही. या एका संध्याकाळच्या कामात घाई करू नये.

आता एलईडीच्या आकाराविषयी. ॲम्बॅसेडरचा गोल हेडलाइट 7 इंच, म्हणजे सुमारे 178 मिलिमीटर व्यासाचा. त्याला 24 ने भागले की 7.4 मिलिमीटर येतात. एवढ्या जागेत 3 मिलिमीटरचा गोल एलईडी आरामात बसतो, पण त्याचे डोके भिंगासारखे असल्यामुळे प्रकाश एका टोकदार झोतात निघतो आणि हेडलाइटच्या मधोमध फक्त एक पांढरा ठिपका दिसतो. म्हणून ते डोके बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट आणि दुधी करावे, म्हणजे पूर्ण काच सारखी उजळते. मात्र आतल्या सोनेरी तारेपर्यंत घासत जाऊ नये. इंडिकेटर आणि मागच्या दिव्यांसाठी पृष्ठभागावर बसणारे चपटे एलईडी घ्यावेत. त्यांच्या आकाराला संख्येचे नाव असते: 0805 म्हणजे 2 बाय 1.25 मिलिमीटर, 0603 म्हणजे 1.6 बाय 0.8, आणि 0402 म्हणजे 1 बाय 0.5. पहिल्याच कामाला 0402 घेऊ नये. तो चिमट्यातून उडाला की फरशीवर सापडत नाही. 0603 आपल्या गाडीला पुरेसा लहान आहे.

हेडलाइटच्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. निळसर पांढरा एलईडी ॲम्बॅसेडरला शोभत नाही. वडिलांच्या गाडीचा उजेड तापलेल्या तारेचा, पिवळसर होता, तेव्हा 2700 ते 3000 केल्व्हिनचा वॉर्म व्हाइट एलईडी मागावा. तोही थोडा पांढरा वाटला, तर काचेवर रंगवण्याचा पारदर्शक पिवळा रंग पातळ करून एलईडीवर अगदी हलका हात फिरवावा. मागच्या लाल काचेमागे लाल एलईडीच लावावा, कारण पांढरा लावल्यास काच गुलाबी दिसते. आणखी एक गोष्ट आपल्या वडिलांना नक्की आठवत असेल: समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून त्या काळी अनेक गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवत. त्यांच्या गाडीवर तो होता का, हे विचारून घ्यावे. असेल तर काच बसवण्यापूर्वीच तो पट्टा रंगवावा.

तारेसाठी आपल्याला पुण्या-मुंबईहून काही मागवण्याची गरज नाही. मराठवाड्यात एकही बाजारगाव असे नसेल, जिथे मोटार रिवाइंडिंगचे दुकान नाही; उन्हाळ्यात विहिरी-बोअरच्या मोटारी जळतात आणि या दुकानांना रात्र रात्र काम असते. तिथे इनॅमल चढवलेली तांब्याची तार मिळते. मात्र पाणबुडी मोटारीची तार प्लास्टिकच्या वेष्टणाची आणि जाड असते, ती चालणार नाही. पंख्याच्या किंवा लहान ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगची बारीक तार मागावी. 40 गेजची तार सुमारे 0.12 मिलिमीटर जाडीची असते आणि आपल्या कामाला ती उत्तम. एवढी बारीक तार प्रवाह पेलेल का, अशी शंका येते, पण तिचा विरोध एका मीटरला सुमारे दीड ओहमच असतो आणि आपल्याला तिच्यातून फक्त काही मिलीॲम्पिअर न्यायचे आहेत. 40 गेज न मिळाल्यास 36 गेजने, म्हणजे 0.19 मिलिमीटरच्या तारेनेही काम भागते.

या तारेचे इनॅमल उष्णता सहन करण्यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे सोल्डरिंगच्या उष्णतेने ते सहसा जळून निघत नाही. तारेचे टोक दुमडलेल्या पॉलिश पेपरमध्ये धरून, फिरवत फिरवत दोन-तीन मिलिमीटर उघडे करावे आणि तांबे लखलखीत दिसले की त्यावर आधीच कथिलाचा पातळ थर द्यावा. तार सोल्डरला चिकटलेली दिसते पण वीज जात नाही, अशी तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि दर वेळी कारण हेच असते. सोल्डरिंगसाठी 25 वॅटचे बारीक टोकाचे आयर्न, अर्धा मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार आणि राळ पुरे. 0603 एलईडी दुहेरी चिकटपट्टीवर पालथा ठेवून स्थिर करावा, दोन्ही टोकांना राळ लावावी, आणि तार टेकवून आयर्नचा स्पर्श दोन सेकंदांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर एलईडी थंड होऊ द्यावा आणि मग पुन्हा करावे. राळेचा धूर नाकात जाणार नाही अशा बेताने खिडकीजवळ बसावे. प्रत्येक एलईडीला तारा जोडल्याबरोबर रेझिस्टर लावून तो पेटवून पाहावा. गोल एलईडीचा लांब पाय धन असतो. चपट्या एलईडीवर बहुधा ऋण बाजूला खूण असते, पण सगळे बनवणारे ती सारखी करत नाहीत, म्हणून मल्टिमीटरच्या डायोड चाचणीवर खात्री करावी. काही मीटरांवर पांढरा एलईडी या चाचणीत पेटत नाही, कारण मीटर तेवढे व्होल्टेजच देत नाही.

गाडी उघडताना खालचे स्क्रू काढून बॉडी आणि तळ वेगळे करावेत. हेडलाइटच्या काचेला मागे सहसा एक प्लास्टिकची खुंटी असते, ती बॉडीच्या भोकातून आत येऊन गोंदाने किंवा वितळवून बसवलेली असते. ती आतून हळूच दाबून काच पुढे काढावी, खुंटी कापून टाकावी, आणि बॉडीतले भोक एलईडीच्या मापाचे होईपर्यंत हातड्रिलने वाढवावे. एक मिलिमीटर आणि त्याहून बारीक ड्रिल हार्डवेअरच्या दुकानात मिळाली नाहीत, तर सराफ्यात सोनारांची हत्यारे विकणाऱ्याकडे विचारावे. सोनाराचा बारीक टोकाचा चिमटाही तिथेच मिळतो आणि तो आपल्या फार उपयोगी पडेल.

प्रतिकृतीची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे विजेची वाहक असते. खऱ्या गाडीत ऋण बाजू बॉडीलाच जोडलेली असते, म्हणून इथेही तसेच करावे असे काहींना वाटते. मी तसे करत नाही. रंगाच्या थरामुळे संपर्क भरवशाचा राहत नाही आणि एखादी धन तार ड्रिलच्या धारेवर घासली गेली की थेट शॉर्ट होतो. प्रत्येक भोकाची कड गोल घासावी आणि तारा जिथून जातात तिथे श्रिंक स्लीव्हचा, म्हणजे उष्णतेने आक्रसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा, तुकडा घालावा. परावर्तनासाठी चांदीसारखा कागद लावायचा असेल, तर तो ॲल्युमिनियमचा असतो आणि वीज वाहतो, हे लक्षात ठेवून एलईडीच्या पायांपासून दूर ठेवावा.

उजेड अडवण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यास बाकीची मेहनत दिसत नाही. धातूतून प्रकाश पार होत नाही. तो बॉनेटच्या कडेतून, ग्रिलच्या जाळीतून आणि प्लास्टिकच्या भागांतून झिरपतो. हेडलाइटच्या एलईडीमागे काळ्या श्रिंक स्लीव्हची टोपी चढवावी. इंडिकेटरसाठी मी बॉलपेनच्या वापरलेल्या रिफिलचा तुकडा स्वच्छ धुऊन, बाहेरून काळा रंगवून त्यात एलईडी बसवतो. प्लास्टिकचा भाग असेल तर आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. काळा रंग उजेड अडवतो, पांढरा तो पुढे परतवतो. वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी इथे लावू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो, काचेच्या पेटीत त्याहून अधिक तापते, आणि त्या पट्टीचा डिंक पाघळून तारांवर, काचेवर पसरतो. गरम गोंदाच्या कांडीचेही तेच. माझी एक गाडी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली होती. एका उन्हाळ्यात तिच्या आतले गरम गोंदाने धरलेले दोन्ही हेडलाइट सुटून बॉनेटखाली लोंबत होते. तेव्हापासून मी एलईडी दोन भागांच्या इपॉक्सीनेच बसवतो.

काचेच्या जवळ झटपट चिकटणारा पातळ गोंद अजिबात वापरू नये. सुकताना त्याची वाफ निघते आणि ती पारदर्शक प्लास्टिकवर पांढरे धुके धरते, जे पुसून जात नाही. दिव्यांच्या काचांना फेविकॉलसारखा पांढरा गोंद थेंबभर लावला तरी पुरतो, तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि पुढे काच काढायची वेळ आली तर ओल्या कापडाने सुटतो.

वीज कुठून द्यावी, यावर माझे मत ठाम आहे: गाडीत सेल ठेवू नयेत. अल्कलाइन सेल विसरले गेले की गळतात आणि त्यातला क्षार जस्ताच्या बॉडीला आणि रंगाला खातो. आपल्या उन्हाळ्यात हे लवकर घडते. गाडी लाकडी पाटावर स्क्रूने पक्की करावी, पाटाच्या पोकळीत सर्व सर्किट ठेवावे आणि 5 व्होल्टचा चांगल्या प्रतीचा मोबाइल चार्जर लावावा. सर्व दिवे एकाच वेळी लागले तरी एकूण प्रवाह 50 मिलीॲम्पिअरच्या आसपासच राहतो. पण चार्जर 2 ॲम्पिअर देऊ शकतो आणि शॉर्ट झाल्यास एवढ्या प्रवाहाने बारीक तार आतले प्लास्टिक वितळवण्याइतकी तापू शकते, म्हणून पाटातच धन तारेवर 100 मिलीॲम्पिअरचा पॉलिफ्यूज, म्हणजे प्रवाह फार वाढला की तो आवरणारा आणि नंतर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, लावावा. लोडशेडिंगमध्येही गाडी दाखवायची असेल, तर त्याच तारेला पॉवर बँक लावता येते, मात्र इतका कमी प्रवाह पाहून काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

सगळे रेझिस्टरही पाटातच ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. मग गाडीत फक्त एलईडी आणि तारा राहतात आणि पुढे एखादा दिवा मंद करावासा वाटला तर गाडी उघडावी लागत नाही. आपल्या गाडीचा हिशेब असा होतो: हेडलाइटच्या 2, मागच्या लाल दिव्यांच्या 2, इंडिकेटरच्या 4, टपावरच्या दिव्याच्या 4 आणि त्याची परतीची 1, आणि बाकी सर्वांची मिळून ऋण बाजूची 1, अशा 14 तारा. ऐकायला त्या पुष्कळ वाटतात, पण 40 गेजच्या 14 तारांची जुडी एक मिलिमीटरपेक्षाही बारीक होते आणि मागच्या चाकाआड तळाला पाडलेल्या दीड मिलिमीटरच्या भोकातून सहज बाहेर येते. अडचण वेगळीच आहे: 14 तारा दिसायला हुबेहूब सारख्या असतात. प्रत्येकीच्या टोकाला लावल्याक्षणी कागदाची क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि वहीत नोंद करावी. बॉडी आणि तळ यांच्यामध्ये तारांना दहा सेंटिमीटरचा सैल वेढा ठेवावा, नाहीतर पुढच्या वेळी गाडी उघडताना तारा तुटतील.

इंडिकेटरसाठी 555 हा ठरावीक वेळाने उघडझाप करणारा जुना आणि भरवशाचा आयसी पुरेसा आहे. खऱ्या गाडीचा इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो. 555 च्या 4 आणि 8 या पायांना धन, 1 ला ऋण, 8 आणि 7 यांच्यामध्ये 10 किलोओहम, 7 आणि 6 यांच्यामध्ये 47 किलोओहम, 6 आणि 2 एकत्र जोडून तिथून ऋणाकडे 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर मिनिटाला सुमारे 83 वेळा उघडझाप होते. 3 क्रमांकाच्या पायापासून तीन जागांचा स्विच लावून डावी, बंद आणि उजवी बाजू निवडावी. 5 व्होल्टवर साध्या एनई555 च्या या पायावर पूर्ण 5 नव्हे, तर साधारण साडेतीन व्होल्टच मिळतात, म्हणून अंबर एलईडीला 390 ओहमचे रेझिस्टर धरावेत. 5 व्होल्टचे गणित करून 680 लावले तर इंडिकेटर फारच फिका दिसतो.

टपावरचा दिवा मात्र नुसता लुकलुकवू नये. सरकारी गाड्यांवरचे ते दिवे 1 मे 2017 पासून उतरले, त्यामुळे आजच्या मुलांनी ते फारसे पाहिलेले नाहीत, पण आपल्या वडिलांनी रोज पाहिला आहे आणि फरक त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. त्या दिव्यात बल्ब सतत पेटलेला असे आणि छोट्या मोटारीवर एक वाकडा आरसा त्याच्याभोवती फिरत असे. म्हणून उजेड विझल्यासारखा नव्हे, तर आपल्यावरून सरकून गेल्यासारखा वाटे. हे साधण्यासाठी 2 मिलिमीटर चौरस प्लास्टिकची उभी खुंटी घ्यावी, तिच्या चार बाजूंना 0603 आकाराचे चार एलईडी बाहेर तोंड करून चिकटवावेत आणि ते क्रमाने पेटवावेत. दिव्याची टोपी आतून हलकेच घासून दुधी केली की एका एलईडीचा उजेड दुसऱ्यात मिसळतो आणि तो फिरत असल्याचा भास होतो.

क्रमाने पेटवण्याचे काम सीडी4017 हा आयसी करतो. त्याच्या 16 ला धन, 8 आणि 13 ला ऋण, 14 ला विजेचे ठोके द्यावेत. 3, 2, 4 आणि 7 या पायांपासून अनुक्रमे चार एलईडी घ्यावेत आणि 10 क्रमांकाचा पाय 15 ला जोडावा, म्हणजे चौथ्यानंतर तो पुन्हा पहिल्यावर येतो. ठोके देण्यासाठी दुसरा 555 लागतो, पण इथे साधा एनई555 घेऊ नये. त्याचे साडेतीन व्होल्ट 4017 ला ओळखण्याच्या सीमेवर असतात आणि दिवा मध्येच अडखळतो. सीमॉस जातीचा 7555 घ्यावा. 7 व 8 मध्ये 10 किलोओहम, 7 व 6 मध्ये 82 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड घेतले तर सेकंदाला आठ ठोके, म्हणजे दोन फेऱ्या होतात. 82 किलोओहमच्या जागी 100 किलोओहमचा प्रीसेट ठेवला तर वेग हवा तसा जुळवता येतो. एका वेळी एकच एलईडी पेटत असल्यामुळे सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला इथे अपवाद करता येतो: चौघांच्या परतीच्या तारेवर मिळून 220 ओहमचा एकच रेझिस्टर चालतो. 5 व्होल्टवर 4017 फार प्रवाह देऊ शकत नाही, पण एवढ्याशा टोपीला तेवढा पुरतो. या पाच तारा टपाच्या आतून काचेमधल्या मागच्या खांबाला चिकटवून खाली आणाव्यात आणि त्यांच्यावर आतील अस्तराच्या रंगाचा एक हात द्यावा.

सगळे जोडून झाल्यावर गाडी लगेच बंद करू नये. बॉडी तळावर नुसती ठेवून सर्व दिवे तीन-चार तास चालू ठेवावेत, मधून मधून हात लावून कुठे ऊब जाणवते का हे पाहावे, आणि खोलीत पूर्ण अंधार करून कोणत्या फटीतून उजेड झिरपतो ते शोधून तिथे काळा रंग द्यावा. त्यानंतर स्क्रू आवळण्याआधी गाडी एका संध्याकाळी वडिलांसमोर ठेवावी. हेडलाइटचा पिवळेपणा, मागच्या दिव्याची मंदता आणि टपावरच्या दिव्याचा वेग यांबद्दल त्यांची आठवण माझ्या आकड्यांपेक्षा अधिक अचूक असणार. प्रीसेट फिरवण्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हाती द्यावा, ते थांबतील तिथे मोजणी करावी, आणि त्या आकड्यांचे साधे रेझिस्टर दुसऱ्या दिवशी लावावेत.